आजींची वही

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण भागात महागाव हा तालुका आहे. पुसदच्या बाजूने येणारी पूस नदी या तालुक्यातून वाहत जाते आणि पुढे पैनगंगेला मिळते. येथील जमीन बहुतेक काळी. पावसाळ्यात तिच्यावर कापूस, सोयाबीन आणि तूर ही पिके डोलू लागतात. समुद्र येथून फार दूर; म्हणून ३ जून २०२० रोजी रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या ‘निसर्ग’ चक्रीवादळासारखे वादळ महागावच्या माणसांनी आपल्या दारात पाहिलेले नाही. त्यांची वादळे निराळी आहेत. एक उन्हाळ्याच्या अखेरचे वळवाचे वादळ. दुपारपर्यंत रणरणते ऊन असते, मग एकाएकी आकाश काळवंडते, धुळीचे लोट उठतात, विजा कडाडतात, कधी गाराही पडतात. तासा-दीड तासात सर्व शांत होते. परंतु तेवढ्या वेळात घरावरचे पत्रे शेतात जाऊन पडलेले असतात. दुसरे वादळ आषाढ-श्रावणातले. त्यात वारा थोडा आणि पाणी फार. बंगालच्या उपसागरात हवेच्या कमी दाबाचे क्षेत्र तयार होते, ते पश्चिमेकडे सरकत विदर्भावर येते आणि मग पाऊस थांबण्याचे नाव घेत नाही. काळी माती प्रथम पुष्कळ पाणी पिते. पण भिजून फुगली, तिच्या भेगा मिटल्या, की तिच्यात पाणी मुरेनासे होते. मग पडेल तो थेंब नाल्याकडे धावतो आणि नाले नदीकडे.

२२ जुलै २०२३ या दिवशी असेच घडले. रात्रीपासून कोसळणाऱ्या पावसाने महागाव तालुक्यात २३१ मिलिमीटरचा आकडा गाठला. हा आकडा नुसता वाचून त्याचा अर्थ ध्यानात येत नाही. एका दिवसात ६५ मिलिमीटर पाऊस झाला तरी सरकारदप्तरी अतिवृष्टी धरली जाते. एक मीटर लांब व एक मीटर रुंद एवढ्या अंगणावर २३१ मिलिमीटर पाऊस पडला, तर त्या अंगणावर २३१ लिटर पाणी पडलेले असते. आणि एक एकर शेतावर पडलेले पाणी नऊ लक्ष लिटरांहून अधिक भरते. या जिल्ह्यात साऱ्या वर्षात मिळून सुमारे नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे वर्षातला चौथा हिस्सा त्या एका वेळी ओतला गेला. तालुक्यातील आनंदनगर तांड्यावर सुमारे ४५ माणसे पुराच्या पाण्यात अडकली. त्यांच्यासाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांची मदत मागवावी लागली. सुदैवाने त्यांची सुटका झाली.

अशा प्रसंगी धडधाकट माणूस काय करतो? तो भोंग्यावरची सूचना ऐकतो, सामान उचलतो, मुलाबाळांना घेऊन उंचावर जातो. ज्याला पाय साथ देत नाहीत त्याला कोणी खांद्यावर घेते. परंतु काही माणसे अशी असतात की त्यांचे पाय चांगले असतात, डोळे-कान बरे असतात, आणि तरीही सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाही. पाणी आले आहे हे त्यांना सांगावे, तर ते मान डोलावतात आणि क्षणभराने पुन्हा विचारतात, ‘आज इतकी गडबड कशाची?’ २००५ साली अमेरिकेत ‘कॅट्रिना’ नावाचे भयंकर वादळ आले. त्या वेळी लुइझियाना राज्यात जी माणसे मृत्युमुखी पडली, त्यांतील जवळजवळ निम्मी पंच्याहत्तर वर्षांची किंवा त्याहून अधिक वयाची होती. वादळ सर्वांवर सारखेच येते, परंतु त्यातून निसटण्याची शक्ती सर्वांना सारखी नसते.

‘साठी बुद्धी नाठी’ अशी म्हण आपल्याकडे आहे. घरातील वृद्ध माणूस विसरू लागले की ही म्हण तोंडावर येते. वस्तुतः ती अन्यायाची आहे. साठीनंतर बुद्धी जातेच असे नाही. ऐंशीव्या वर्षी ग्रंथ लिहिणारी माणसे आपल्या महाराष्ट्रात होऊन गेली. चष्मा कोठे ठेवला हे विसरणे हा वयाचा गुण आहे. चष्मा हातात असूनही तो कशासाठी असतो हे न उमगणे, हा मात्र आजार आहे. त्याला स्मृतिभ्रंश म्हणतात. भारतात साठ वर्षांवरील दर शंभर माणसांपैकी सुमारे सात जणांना तो जडलेला आहे, असे २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळले.

या आजाराचा पुष्कळ वेळा आढळणारा प्रकार ज्याच्या नावाने ओळखला जातो, तो आलोइस अल्झायमर हा जर्मन डॉक्टर. १९०१ साली फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात ऑगस्टे नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री त्याच्याकडे आली. त्याने तिला तिचे नाव विचारले. तिने ‘ऑगस्टे’ असे सांगितले. मग त्याने तिच्या पतीचे नाव विचारले, तेव्हाही तिने ‘ऑगस्टे’ असेच उत्तर दिले. १९०६ साली ती वारल्यावर अल्झायमरने तिचा मेंदू तपासला आणि त्यात झालेले बदल विद्वानांच्या सभेत मांडले. मेंदूच्या आत ‘हिप्पोकॅम्पस’ नावाचा लहानसा भाग असतो. त्याचा आकार समुद्रातील घोडमाशासारखा दिसतो, म्हणून त्याला ते ग्रीक नाव मिळाले. नव्या आठवणी रुजवण्याचे काम हा भाग करतो, आणि या आजाराचा घाव बहुधा प्रथम त्याच्यावर पडतो. म्हणून आज सकाळी काय झाले हे रुग्णाला सांगता येत नाही, पण माहेरच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या हे तो बिनचूक सांगतो. हातांनी वर्षानुवर्षे केलेली कामे तर त्याहूनही उशिरापर्यंत टिकतात. ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे, कारण पुढे तिचे काम पडणार आहे.

आता पूस नदीच्या काठचे एक घर डोळ्यांपुढे आणू. घर कोणाचे, गाव कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. अशी घरे अनेक आहेत. या घरात आजोबा आणि आजी दोघेच राहतात. मुलगा नोकरीनिमित्त दूर शहरात. आजोबांचे वय पंच्याहत्तर, आजी त्यांच्याहून चार वर्षांनी लहान. पाच वर्षांपूर्वी आजी भाजीत मीठ दोनदा घालू लागल्या. मग बाजारातून येताना वाट चुकल्या. आता त्या आजोबांना कधी ‘अहो’ म्हणतात, तर कधी आपला माहेरचा भाऊ समजून ‘भाऊ’ अशी हाक मारतात. ज्या हातांनी आजोबांनी जन्मभर तिफण धरली, त्याच हातांनी ते आता भाकरी थापतात आणि रोज सकाळी आजींची वेणी घालतात. पहिल्यांदा वेणी वाकडी यायची. आता सरळ येते.

दिवेलागणीच्या सुमारास आजी अस्वस्थ होतात. या आजारात पुष्कळांना तसे होते. त्या उठून दाराशी जातात आणि म्हणतात, “भाऊ, मले घरी जायचं हाये.” त्या ज्या घरात पन्नास वर्षे नांदल्या, त्याच घरात उभ्या राहून हे म्हणतात. आजोबांनी आरंभी पुष्कळ समजावून पाहिले की हेच आपले घर आहे. त्याने आजी अधिकच घाबरत. मग आजोबांनी वाद घालणे सोडले. ते म्हणतात, “हो, जाऊ नं. दिवा लावू दे, मंग जाऊ.” दिवा लागतो, आजी देवापुढे बसतात, आणि जाण्याची गोष्ट मागे पडते. आजोबांना हे कोणी शिकवले नाही. परंतु मोठमोठे डॉक्टरही आज असाच सल्ला देतात.

पावसाळा तोंडावर आला म्हणजे गावातील प्रत्येक घरी तयारी सुरू होते. पत्र्यांवर दगड ठेवायचे, ते तारेने आवळायचे, सरपण आत घ्यायचे, धान्याच्या कोठ्या विटांच्या थरावर चढवायच्या. आजोबांनी हे सर्व केले. त्यांना अडचण आली ती निराळ्याच ठिकाणी. त्यांनी एक पिशवी काढली आणि तीत शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक, औषधे व दोन लुगडी भरली. आजी पलंगावर बसून पाहत होत्या. आजोबा पाणी आणायला गेले आणि परत येऊन पाहतात तो पिशवी रिकामी! लुगडी घडी घालून पेटीत गेली होती, बँकेचे पुस्तक देव्हाऱ्यात होते आणि औषधे कोठे होती ते दुसऱ्या दिवशी दुपारी डाळीच्या डब्यात सापडले. आजींनी घर आवरले होते. गृहिणीने पसारा आवरला, यात चूक ती काय? पण त्या दिवसभर त्या कावऱ्याबावऱ्या राहिल्या. घरातील वस्तू जागच्या हालल्या, कोणी तरी निघून जाणार आहे, एवढे त्यांच्या मनाला कळले होते. काय आणि का, ते कळत नव्हते. अशा माणसाच्या दृष्टीने वादळ पाण्याने सुरू होत नाही. घरातली पहिली वस्तू जागची हलली की ते सुरू झालेले असते.

म्हणून आजोबांनी आपली तयारी लपवली. आजी दुपारी झोपल्या की ते पिशवी भरीत आणि शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. आजींचा पितळेचा तांब्या, उशाचे गोधडीचे तुकडे आणि देवाची लहान तसबीर या तीन वस्तू मात्र त्यांनी हलवल्या नाहीत. त्या निघण्याच्या क्षणी घ्यायच्या असे ठरवले. आजींच्या झंपराच्या आतल्या बाजूला त्यांनी कापडाचा एक तुकडा शिवून घेतला. त्यावर न पुसणाऱ्या शाईने आजींचे नाव, गाव व मुलाचा दूरध्वनी क्रमांक लिहिलेला होता. एक अलीकडचे छायाचित्रही काढून घेतले. दाराची कडी उंच बसवली, कारण आजींचा हात सवयीने जुन्या कडीच्या जागीच जातो. काही घरांत अशा माणसाला बाहेरून कुलूप लावून ठेवतात. घरच्यांची ओढाताण पाहता त्यांना बोल लावणे सोपे नाही. तथापि पुराच्या रात्री किल्ली घेऊन गेलेला माणूस पलीकडच्या काठावर अडकला, तर त्या कुलपाचा अर्थ काय होतो, याचा विचार केलेला बरा.

एवढे सगळे करूनही एक गोष्ट राहिली होती, आणि ती आजोबांच्या ध्यानात आली नव्हती. ती शेजारच्या मुलीच्या ध्यानात आली. ही मुलगी सातवीत शिकत होती. पिशवी ठेवायला आलेल्या आजोबांना तिने विचारले, “आजोबा, तुम्हीच पडले आजारी, तर आजीला काय काय लागते ते आम्हाले कसं समजन?”

आजोबा ओट्यावर बसले. आजी काय खातात, कशाला भितात, रागावल्या तर काय म्हटल्यावर शांत होतात, हे सर्व या जगात फक्त एका माणसाला ठाऊक होते, आणि तो माणूस पंच्याहत्तर वर्षांचा होता. आजींच्या आठवणी गेल्या होत्या. त्यांच्याविषयीच्या आठवणी आजोबांजवळ होत्या. तेही कोठे निसटून पडले, तर आजींना ओळखणारे कोणीच उरणार नव्हते. धान्याची कोठी उंचावर ठेवली होती. ही कोठी मात्र अजून जमिनीवरच होती.

“लिहून घेतं का, पोरी?” आजोबा म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यांना ओळ सरळ दिसत नसे.

मुलीने शाळेची एक कोरी वही आणली. वहीच्या मुखपृष्ठावर नाव, इयत्ता आणि विषय यांसाठी जागा होती. तिने विषयाच्या जागी लिहिले : ‘आजी’.

तीन संध्याकाळी ते दोघे लिहीत बसले. आजोबा सांगत आणि मुलगी लिही. पहिल्या पानावर औषधांची नावे व वेळा आल्या. त्या लगेच संपल्या. खरा वेळ पुढे लागला. आजी पाणी पितळेच्या तांब्यातूनच पितात, काचेच्या पेल्यातले पाणी त्यांना दिसत नाही. जमिनीवर काळी सतरंजी अंथरली तर तो खड्डा आहे असे समजून त्या पाऊल टाकीत नाहीत; फिकट रंगाची चादर घालावी. रात्री आरसा झाकावा, नाही तर घरात परकी बाई शिरली आहे असे त्यांना वाटते. विजेरीचा झोत भिंतीवर फिरवू नये, सावल्यांना भितात; कंदिलाचा उजेड त्यांना लहानपणापासून ओळखीचा आहे. पाठीमागून येऊन हात धरू नये. समोर यावे, आपले नाव सांगावे, आणि एका वेळी एकच गोष्ट सांगावी. ‘आठवते का?’ असे कधीही विचारू नये.

“असं का?” मुलीने लिहिता लिहिता विचारले.

“नाही आठवलं म्हणजे तिला लाज वाटते,” आजोबा म्हणाले. “काय विसरलं ते ती विसरते. लाज राहून जाते.”

आजोबांच्या या बोलण्यात मोठे तथ्य आहे. शास्त्रज्ञांनी अशा रुग्णांना आनंदाची व दुःखाची दृश्ये दाखवून पाहिले. थोड्या वेळाने कोणते दृश्य पाहिले ते त्यांना सांगता आले नाही. पण त्या दृश्याने आलेली प्रसन्नता किंवा खिन्नता त्यांच्या मनात रेंगाळत राहिलेली दिसली.

चौथ्या पानावर आजोबांनी एक गोष्ट हळूच सांगितली आणि मुलीने ती मोठ्या अक्षरांत लिहिली : ‘कापूस द्यावा. आजी वाती वळतात.’ सरकी काढलेला कापूस हातात आला की आजींची बोटे आपोआप चालू लागत. वार कोणता, महिना कोणता, हे त्यांना सांगता येत नसे. पण वात मात्र पूर्वीसारखीच सारख्या जाडीची उतरे.

जपानमध्ये २००५ सालापासून साध्या नागरिकांना या आजाराविषयी दीडेक तासाचा पाठ देण्याची चळवळ सुरू आहे. शाळेतील मुलेही तो पाठ घेतात. पाठ पुरा करणाऱ्याला नारिंगी रंगाचे कडे मिळत असे, आणि रस्त्यात भांबावून उभ्या असलेल्या वृद्धाला त्या कड्यावरून कळावे की येथे मदत मिळेल, अशी त्यामागची कल्पना. एक कोटीहून अधिक लोकांनी हा पाठ घेतला आहे. पूस नदीच्या काठी कड्याचा प्रश्न नव्हता. तेथे वही होती, आणि ती वही मुलीच्या आईने वाचली, समोरच्या घरातल्यांनी वाचली, गावच्या आशाताईंनी तर तिच्यातली दोन पाने उतरून घेतली. वहीच्या शेवटच्या पानावर क्रमांक लिहिले होते : कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षासाठी १०७७ आणि वृद्धांच्या मदतीसाठी १४५६७.

आता वादळाचा दिवस. हवामान खात्याचे इशारे रंगांनी दिले जातात. हिरवा म्हणजे चिंता नाही, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयार राहा आणि लाल म्हणजे हाला. त्या सकाळी जिल्ह्याला नारिंगी इशारा होता. पाऊस पडत होता, पण नदी अजून पुलाच्या बरीच खाली होती. आजोबांनी दुपारी तीन वाजता जनावरांची दावी सोडली. बांधलेले जनावर पुरात बुडते. मोकळे जनावर उंच जागा शोधते. मग त्यांनी तांब्या, गोधडी आणि तसबीर उचलली. शेजारी हसून म्हणाले, “काहून इतकी घाई, बुवा? पाणी अजून खालीच आहे.” आजोबांनी उत्तर दिले नाही. त्यांचे घड्याळ नदीकडे पाहत नव्हते. दिवेलागण झाली की आजी कोणाचे ऐकणार नाहीत, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून उजेड असतानाच निघायचे होते. इतरांना लाल इशाऱ्यापर्यंत थांबता येते. अशा घराला नारिंगी हाच लाल समजावा लागतो.

“कुठं चाललो आपण?” आजींनी विचारले.

“शाळेत,” आजोबा म्हणाले. गेल्या महिन्यात त्यांनी आजींना संध्याकाळच्या आधी चार-पाच वेळा तेथे फिरायला नेले होते. शाळेची इमारत टेकाडावर होती. आजींना त्या फेऱ्या आठवत नव्हत्या. तरीही फाटकाशी येताच त्या अडखळल्या नाहीत, आणि व्हरांड्यात ज्या खांबाशी आजोबा त्यांना बसवीत असत, त्याच खांबाशी जाऊन बसल्या.

रात्री आठ वाजता लाल इशारा आला. नऊला वीज गेली. मग साऱ्या गावची माणसे टेकाडावर येऊ लागली. भिजलेली गाठोडी, रडणारी मुले, गाडग्यात झाकून आणलेला विस्तव. नदीचे पाणी खालच्या आळीत शिरल्याची बातमी आली. पाचवीच्या वर्गात कंदिलाजवळ फिकट चादर अंथरून आजी निजल्या होत्या. आजोबा भिंतीला टेकून जागे होते. आदल्या दोन रात्रीही त्यांना झोप नव्हती. पहाटे दोनच्या सुमारास त्यांचा डोळा लागला.

त्याच वेळी वीज कडाडली आणि आजी उठल्या. त्या दाराकडे चालू लागल्या. दारापलीकडे अंधार, धो धो पाऊस आणि उताराची निसरडी वाट. वर्गातील बहुतेक माणसे पेंगत होती. मुलगी जागी होती. ती धावत जाऊन त्यांचा हात मागून धरणार, एवढ्यात थबकली. ती वळसा घालून आजींच्या समोर गेली आणि तिने आपले नाव सांगितले.

“मले घरी जायचं हाये. गुरं बांधायची राहिली,” आजी म्हणाल्या.

गुरे सोडली आहेत, घरात पाणी शिरले आहे, असे काही मुलीने सांगितले नाही. “हो, आजी. पाऊस उघडू द्या, मंग जाऊ,” ती म्हणाली. मग थोडे थांबून म्हणाली, “देवाच्या वाती नाहीत.”

“वाती नाहीत?” आजी खाली बसल्या. “आण कापूस.”

कापूस पिशवीत होता. मुलीने तो काढून त्यांच्या ओंजळीत दिला. आजींनी एक पेळू ओढला, तळहातावर धरला आणि वात वळली. मग दुसरी वळली. बाहेर पावसाचा जोर वाढत होता. आजींचे लक्ष बोटांवर होते. मुलगी त्यांच्याजवळ बसून वाती मोजू लागली. साठपर्यंत मोजल्यावर तिलाही झोप आली, तेव्हा तिची आई येऊन बसली.

आजोबा जागे झाले तेव्हा उजाडले होते. आजींच्या पुढ्यात वातींचा लहानसा ढीग होता. त्यांनी आजोबांकडे पाहिले आणि विचारले, “अहो, चहा झाला का?” आजोबा काही न बोलता उठले व चुलीकडे गेले.

पाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उतरले. घरात गुडघाभर गाळ होता, आणि भिंतीवर पाण्याची रेघ खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत आली होती. बैल परत आले होते. एक शेळी सापडली नाही. शेजारी मदतीला आले आणि प्रथम धान्य बाहेर काढू लागले, कारण भिजलेले धान्य लगेच वाळवावे लागते. आजोबांनी त्यांना थोडे थांबवले. आधी त्यांनी पलंग धुऊन त्याच्या पूर्वीच्या जागी, उत्तरेच्या भिंतीशी लावला. उशाशी गोधडी ठेवली. देव्हाऱ्यात तसबीर ठेवली आणि तिच्यापुढे तांब्या. मग धान्याला हात लावला. आजींना शाळेतून आणले ते हे सर्व झाल्यावर. त्या उंबऱ्यात उभ्या राहिल्या, भिंतीवरच्या ओल्या रेघेकडे थोडा वेळ पाहत राहिल्या, आणि मग जाऊन पलंगावर बसल्या.

मुलीने संध्याकाळी वही उघडली. तिची कडा भिजून फुगली होती. चौथ्या पानाखाली जागा होती, तेथे तिने लिहिले : ‘शाळेत आजींना व्हरांड्यातील दुसऱ्या खांबाजवळची जागा आवडते. वीज कडाडली की उठतात. कापूस जास्त ठेवावा.’